भीमथडीचा घोडा आणि पालखेडची मोहीम
(वरच्या इयत्तांच्या इतिहास-भूगोलास पूरक पाठ : निमोणे व शिरूर-दौंड परिसरातील प्राथमिक शाळांकरिता)

प्रयोजन

राजा बढे यांच्या ज्या गीताचा महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकार केला, त्यात भीमथडीच्या तट्टांचा व यमुनेच्या पाण्याचा उल्लेख आहे. मुले हे गीत शाळेत म्हणतात; त्याची चालही त्यांना मुखोद्गत असते. परंतु निमोणे, गुणाट, शिंदोडी, चिंचणी ह्या गावांतील किती मुलांस ‘भीमथडी’ म्हणजे आपलाच मुलूख होय, हे ठाऊक असते? थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या दोन्ही काठांचा प्रदेश तो भीमथडी. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात ह्या नावाचा एक तालुकाच होता. उत्तरेस घोड व दक्षिणेस भीमा ह्या नद्यांच्या मधला शिरूरचा भाग आणि भीमेपलीकडील दौंडचा भाग हे त्या नावलौकिक मिळविलेल्या घोड्याचे माहेर होय.

थोरले बाजीराव पेशवे यांच्या पराक्रमाचे वर्णन करताना वर्गात बहुधा दोनच गोष्टी सांगितल्या जातात : ते फार वेगाने जात, आणि ते शूर होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण एवढ्यावर थांबले असता इतिहास कळत नाही, केवळ कौतुक उरते. वेग हा शौर्यातून आपोआप उत्पन्न होत नाही. तो घोड्याच्या पायांत असतो, आणि घोड्याचे पाय त्याच्या पोटावर चालतात. ही एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे हेच प्रस्तुत पाठाचे प्रयोजन होय.

पूर्वतयारी व साहित्य

महाराष्ट्राचा भिंतीवरील नकाशा, सुतळीचा एक तुकडा, कडब्याची एक पेंढी, मूठभर हुलगे, पाण्याची घागर, आणि मिळाल्यास घोड्याचा जुना नाल. ह्यांतील एकही वस्तू विकत आणावी लागू नये.

प्रस्तावना

पाठाचा आरंभ परिचित गोष्टीपासून करावा. रब्बीची पिके निघाली की रानात मेंढ्यांचे वाडे उतरतात. खतासाठी शेतात मेंढरे बसविली जातात. त्या बिऱ्हाडाबरोबर एकदोन घोडी असतात. त्यांच्या पाठीवर राहुटीचे कापड, भांडीकुंडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, आणि कधी कधी लहान मूलही असते. शिक्षकांनी पुढील प्रश्न विचारावेत : ही घोडी उंच असते की ठेंगणी? तिला कोण चारतो? ती दिवसाला किती चालते? वाडा कोठे उतरावयाचा हे धनगर कशावरून ठरवितो?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलेच देतील : पाणी आणि चारा पाहून. हे उत्तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. संपूर्ण पाठाचे सूत्र तेच आहे.

नंतर बाजीरावांविषयीची प्रसिद्ध आख्यायिका सांगावी. हा पेशवा घोड्यावर बसल्या बसल्या, लगाम सैल सोडून, हातावर कणसे चोळून दाणे खातो, असे चित्र निजामाने पाहिले, अशी ती कथा. ती आख्यायिका आहे, हे स्पष्ट सांगावे. मग मुलांस विचारावे, “स्वाराने कणीस खाल्ले, पण त्या दिवशी घोड्याने काय खाल्ले?” येथून विषयात प्रवेश होतो.

विषयविवेचन

(१) घोडा. दख्खनची तट्टे व बाहेरून आलेले अरबी, तुर्की घोडे यांच्या संकरातून भीमथडीचा वाण तयार झाला, असे मानले जाते. हा घोडा बांध्याने लहान, खुराने कठीण व खाण्यास काटक. कोरडी वैरण, डोंगरातले कुसळी गवत आणि मूठभर हुलगे ह्यांवर तो दिवस काढतो. ज्या जमिनीत दुसरे कडधान्य साधत नाही तेथे हुलगा येतो; माळरानाचे हे धान्य घोड्याची चंदी म्हणून फार पूर्वीपासून वापरात आहे.

घोड्याच्या चालीचे गणितही सांगावे. साध्या चालीने घोडा तासाला सुमारे ६ किलोमीटर जातो, दुडक्या चालीने सुमारे १२, आणि चौखूर सुटला तर ४० किंवा त्याहून अधिक. मुले म्हणतील, “मग बाजीराव चौखूरच जात असतील.” तसे नव्हे. चौखूर धावणारा घोडा थोड्याच वेळात धापा टाकू लागतो. दूरची मजल साध्या व दुडक्या चालीने, मधून मधून विसावा देऊन, पाठीवरचे ओझे कमी करूनच मारता येते. लांबच्या प्रवासात सर्वांत वेगवान स्वार तो, ज्याचा घोडा दहाव्या दिवशीही चालू शकतो.

(२) स्वार. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. सरकारी पागेतील घोड्यावर बसे तो बारगीर. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळची रचना सभासदाच्या बखरीत दिलेली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांचा एक हजारी. आणि ह्याच रचनेत प्रत्येक पंचवीस स्वारांमागे एक नालबंद व एक पखाली नेमलेला असे. हा तपशील मुलांस अवश्य सांगावा. घोड्याचे खूर राखणारा नालबंद आणि पाणी वाहणारा पखाली ह्यांची नेमणूक हवालदाराच्या बरोबरीने लिहून ठेवण्याइतकी महत्त्वाची होती. युद्धाच्या वर्णनात ह्या दोघांची नावे येत नाहीत. पण त्यांच्यावाचून पंचवीस स्वार पंचवीस कोस जाऊ शकत नसत.

(३) मोहीम. बाजीरावांचा जन्म १८ ऑगस्ट १७०० रोजी झाला. १७२० मध्ये, वयाची वीस वर्षे पुरी होण्याआधीच, शाहू महाराजांनी त्यांस पेशवाईची वस्त्रे दिली. दख्खनच्या सुभ्यांतून चौथाई व सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क मराठ्यांस १७१९ मध्ये दिल्लीच्या सनदांनी मिळाला होता. पुढे निजामउल्मुल्क दख्खनमध्ये स्वतंत्रपणे वागू लागला. सातारचे शाहू महाराज खरे छत्रपती की कोल्हापूरचे संभाजीराजे, असा वाद उपस्थित करून त्याने चौथाई अडविली. निजाम वयाने व अनुभवाने मोठा, त्याचा तोफखाना उत्तम. त्याच्याशी समोरासमोर झुंज घेणे म्हणजे त्याच्या तोफांच्या तोंडी जाणे होते.

१७२७ चा पावसाळा संपताच बाजीराव निघाले. मोहिमा दसऱ्यानंतरच का निघत, ह्याचा विचार येथे करवावा. पावसाळ्यानंतर नद्या उतरतात, वाटा वाळतात, आणि रानात गवत उभे असते. सीमोल्लंघनाच्या मुहूर्तामागे घोड्याच्या चाऱ्याचा हिशेब आहे.

आता नकाशावर सुतळी धरावी. बाजीराव प्रथम पूर्वेस जालना-सिंदखेडकडे गेले. तेथून माहूरकडे वळले. मग बऱ्हाणपुरावर चालून जाण्याची हूल उठवून खानदेशातून थेट गुजरातेत उतरले. निजाम बऱ्हाणपूर राखावयास धावला, तो तेथे शत्रूच नव्हता. तेव्हा त्याने पाठलाग सोडून पुण्याचा रस्ता धरला. १७२८ च्या आरंभी पुणे त्याच्या हाती गेले आणि तेथे संभाजीराजांच्या नावाने द्वाही फिरली. पुढे लोणी, पारगाव, पाटस, सुपे, बारामती ह्या वाटेने त्याची फौज गावे लुटीत गेली. ही नावे वाचताना क्षणभर थांबावे. पारगाव व पाटस ही तर दौंड तालुक्यातील, मुलांच्या नित्य परिचयाची गावे आहेत. ते दिवस शाळू उभा असण्याचे. इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली ही लूट म्हणजे भीमाकाठच्या कुणब्याचे त्या वर्षीचे कणीस आणि त्याच्या बैलांचा त्या वर्षीचा कडबा होय.

पुणे पडले हे कळल्यावर बाजीराव पुण्याकडे धावले नाहीत, हे ह्या मोहिमेचे मर्म आहे. त्यांनी उलट निजामाच्या राजधानीवर, औरंगाबादेवर, रोख धरला. आपले घर जळत असता शत्रूच्या घराकडे जाण्यास केवळ धैर्य पुरत नाही. आपण तेथे त्याच्या आधी पोहोचू, ही खात्री लागते. ती खात्री घोड्यांनी दिली. निजामास पुणे प्रांत सोडून उत्तरेकडे वळावे लागले. गोदावरी ओलांडताना अवजड तोफा व सामानसुमान मागे पडले, आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेड येथे मराठी घोडदळाने त्यास चहूंकडून वेढले. जागा अशी निवडली होती की, तेथे पाणी नव्हते. रसद तुटली, पाणी तुटले. मोठी लढाई न होताच निजाम तहास कबूल झाला. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगाव येथे तह होऊन शाहू महाराजांचा चौथाईचा हक्क मान्य करण्यात आला.

(येथे एक सावधगिरी बाळगावी. नाशिक जिल्ह्यात ज्या पालखेडचे धरण प्रसिद्ध आहे ते हे पालखेड नव्हे. मोहिमेचे पालखेड छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात आहे. नकाशावर खूण करताना पुष्कळदा चूक होते.)

ही मोहीम घडली तेव्हा बाजीरावांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. हलके घोडदळ व गनिमी कावा त्यांनी नव्याने शोधून काढला नाही. मलिक अंबर, शहाजीराजे, शिवाजी महाराज, संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांची ती परंपरा होती. बाजीरावांनी तिच्यात जी भर घातली ती अशी की, छापा घालून परत फिरण्यासाठी वापरला जाणारा वेग त्यांनी शेकडो कोसांच्या संपूर्ण मोहिमेस लावला. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे ह्यांसारखे सरदार त्यांच्या हाताखाली पुढे आले आणि त्यांनी ही रीत नर्मदेपार नेली. मार्च १७३७ च्या अखेरीस बाजीराव यमुनाकाठच्या दिल्लीपाशी जाऊन उभे राहिले. शेवटची दहा दिवसांची वाट त्यांनी दोन दिवसांत तोडली होती. राज्यगीतातील यमुनेच्या उल्लेखाचा अर्थ येथे मुलांस आपोआप उमगेल.

(४) दाणा-वैरण. घोड्याने काय खाल्ले, ह्या आरंभीच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आता दिले पाहिजे. चालत्या फौजेचे घोडे वाटेवरचेच गवत, कडबा व पीक खात. मुलूख शत्रूचा असो वा आपला, ज्याच्या शेतावरून फौज गेली त्या शेतकऱ्याचे वर्ष बुडे. मराठी फौज जालन्याकडे गेली तेव्हा तिकडच्या कुणब्याचे, आणि निजाम पाटसकडे आला तेव्हा इकडच्या कुणब्याचे. एका बाजूची लूट तेवढी लूट व दुसरीचा पराक्रम, असे शिकवू नये.

ह्या प्रश्नाची जाण सर्वांत खोलवर कोणास होती, हे सांगण्यास शिवाजी महाराजांचे एक पत्र उपयोगी पडते. राज्याभिषेकापूर्वीच्या काळात चिपळूण भागात छावणीस असलेल्या जुमलेदार-हवालदारांस ते लिहिलेले आहे. त्यातील आशय असा : साठवलेली वैरण व दाणा मनास येईल तसा उधळाल तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडे मरतील, आणि ते तुम्हीच मारले असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाजी; लोकांस वाटेल की ह्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिव्याची वात उंदराने नेली तर गवताच्या गंजी पेटतील, एवढ्या बारकाव्यापर्यंत त्यात सूचना आहेत. घोडदळाच्या अधिकाऱ्यास असे लिहिणारा राजा हा घोडा व शेतकरी ह्यांस एकाच हिशेबात धरीत होता.

हा हिशेब चुकला म्हणजे काय होते, ते १७६१ मध्ये पानिपतास दिसले. सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर यात्रेकरू, बायकामुले व बाजारबुणगे ह्यांची मोठी गर्दी होती. अब्दालीने दक्षिणेची वाट अडविल्यावर दाणा-वैरण संपली. घोडे उपाशी मरू लागले. १४ जानेवारी रोजी लढाईस उभी राहिली ती उपाशी घोड्यांवरील फौज होय. पालखेडास मराठ्यांनी निजामाचे जे केले, तेच पानिपतास अब्दालीने मराठ्यांचे केले. विद्यार्थ्यांकडून ही तुलना वदवून घ्यावी. शिक्षकांनी आपण होऊन सांगू नये.

(५) व्यापक संदर्भ. घोडा ओळखणारा अधिकारी अश्वारोहणाची रीतच कशी पालटू शकतो, ह्याचे दुसरे उदाहरण युरोपात आहे. इटलीच्या घोडदळातील फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) ह्या अधिकाऱ्याच्या काळी अडथळ्यावरून उडी मारताना स्वार मागे रेलून लगाम खेचीत असे. काप्रिल्लीने मोकळा घोडा कसा उडी मारतो ते पाहिले. घोडा मान पुढे लांबवितो व पुढच्या पायांवर उतरतो. म्हणजे स्वाराचे मागे रेलणे त्यास त्रासच देत होते. म्हणून त्याने रिकिबी आखूड केल्या, स्वारास पुढे झुकावयास लावले व लगामाचा हात सैल सोडावयास शिकविले. पिनेरोलो व तोर दी क्विंतो येथील घोडदळाच्या शाळांत अनेक देशांचे अधिकारी ही रीत शिकण्यास येऊ लागले, आणि आज अडथळ्यांच्या शर्यतींत जगभर स्वार ह्याच रीतीने बसतात. बाजीराव व काप्रिल्ली यांच्यात पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे. एकाने घोड्याच्या पाठीवरचे ओझे कमी केले, दुसऱ्याने त्याच्या तोंडातील ओढ. दोघांनीही आधी घोड्याकडे पाहिले.

समवाय

गणित : लहान घोड्यास दिवसाला सुमारे ६ किलो वाळली वैरण व ३० लिटर पाणी लागते असे धरावे. एक हजार घोड्यांस एका दिवसास किती लागेल? (वैरण ६,००० किलो, पाणी ३०,००० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या २,००० घागरी.) वर्गातील पेंढी तोलून, सहा हजार किलोच्या किती पेंढ्या होतात ते मुलांनी काढावे. नंतर गावच्या विहिरीतून दोन हजार घागरी काढण्यास किती वेळ लागेल, ह्याचा अंदाज करावा. पाणी तुटल्यावर पालखेडास काय झाले असेल, ते ह्या आकड्यांवरून मुलांस न सांगताच कळते.

भूगोल : पुणे, जालना, माहूर, बऱ्हाणपूर, गुजरात, वैजापूर ही स्थळे नकाशावर जोडावीत. सुतळीने अंतर मोजून प्रमाणाने किलोमीटर काढावेत. वाटेतील नद्यांची नावे लिहावीत.

भाषा : घोडा रस्त्यावरून गेला, पण बोलण्यातून गेला नाही. खोगीरभरती, तोबरा भरणे, बेलगाम, भाडोत्री तट्टू, वरातीमागून घोडे, घोडे पेंड खाणे, गंगेत घोडे न्हाणे, घोडामैदान जवळ असणे ह्या शब्दप्रयोगांचे मूळ अर्थ घरातील वृद्धांस विचारून लिहून आणावेत. खोगीर, रिकीब, चंदी, खरारा, अगाडी-पिछाडी ह्या शब्दांची चित्रे काढावीत.

आवृत्तीचे प्रश्न

१. पंचवीस बारगिरांमागे नालबंद व पखाली का नेमीत?
२. पुणे पडल्यावर बाजीराव पुण्याकडे का गेले नाहीत?
३. मोहिमा दसऱ्यानंतर निघण्याची दोन कारणे सांगा.
४. पालखेड व पानिपत ह्यांत सारखे काय व वेगळे काय?
५. तुमच्या शेतावरून फौज गेली असती, तर तुमच्या आजोबांनी त्या रात्री काय बोलून दाखविले असते? पाच ओळी लिहा.

शिक्षकांस विशेष सूचना

भीमथडीचा घोडा हा आता पागेत नाही. अलीकडच्या वर्षांत कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. परंतु संस्थाने गेली, फौजा गेल्या, त्यानंतर एवढा दीर्घ काळ हा वाण जिवंत राहिला तो भटक्या मेंढपाळांच्या वाड्यांवर. सरदारांच्या वंशजांनी नव्हे, तर ज्यांस कोणी घोडेस्वार म्हणत नाही अशा माणसांनी, आपल्या बिऱ्हाडाच्या ओझ्याखाली तो राखला.

शाळेत अशा घरचे मूल बहुधा मागच्या रांगेत असते. वाडा हलला की त्याची हजेरी तुटते. वाचनात ते मागे पडते, आणि वर्गात बोलत नाही. हा पाठ घेण्याचा दिवस त्याच्या हजेरीचा दिवस पाहून ठरवावा. घोडीस पाणी केव्हा पाजतात, ओझे कसे समतोल बांधतात, खुरात खडा गेला तर ती चाल कशी बदलते, शिंगरू आईमागे किती दिवस फिरते, हे त्यास विचारावे. ही उत्तरे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत, आणि बहुतेक शिक्षकांसही येत नाहीत. ते सांगेल तेव्हा शिक्षकांनी बाजूस बसून ऐकावे, आणि त्याचे शब्द जसेच्या तसे फळ्यावर लिहावेत. त्याच्या बोलीत एखादा शब्द निराळा असला तर तो दुरुस्त करू नये.

शक्य असल्यास जवळच्या रानात उतरलेल्या वाड्यावर, घरधन्याची अनुमती घेऊन, वर्ग न्यावा. घोडीच्या मागून कोणी जाऊ नये, आणि तिच्यापुढे गलका करू नये, ही ताकीद आधी द्यावी. आरंभी फळ्यावर लिहिलेली ‘पाणी आणि चारा पाहून’ ही ओळ तेथे पुन्हा एकदा मुलांकडून म्हणवून घ्यावी. मुले परत येतील तेव्हा त्यांस बाजीरावांची मोहीम अधिक नीट समजलेली असेल; आणि मागच्या रांगेतील त्या मुलाकडे पाहण्याची वर्गाची दृष्टीही थोडी पालटलेली असेल.